माल्टा: नदी नाही, जंगल नाही, तेल नाही, मग हे बेट जगतं कशावर?

दर्यावर्दी
माझी भाची पुढच्या महिन्यात नर्स म्हणून माल्टाला चाललीये. घरचे सगळे मला विचारतायत, काका तुम्ही तर बोटीवर होता, सांगा ना कसं आहे तिथं. मी इंजिनरूममधला माणूस, अकरा वर्षं माल्टाच्या झेंड्याखालच्या जहाजांवर काढली, जहाजाच्या मागच्या टोकाला, स्टर्नवर, जहाजाचं नाव आणि त्याखाली 'व्हॅलेटा' असं राजधानीचं नाव रंगवलेलं रोज बघायचो, पण प्रत्यक्ष पाय लागले ते एकदाच, शहाण्णव साली, जहाज दुरुस्तीसाठी ड्रायडॉकला, म्हणजे कोरड्या गोदीत गेलं तेव्हा तीन आठवडे.

तेव्हा पडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही म्हणून हा धागा. माल्टा, गोझो आणि मधलं चिमुकलं कोमिनो मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर धरलं तर त्याच्या निम्मंच. उत्तरेला सिसिली नव्वदेक किलोमीटरवर, दक्षिणेला लिबिया तीनशेच्या पुढे. बारमाही नदी एकही नाही, जंगल नाही, खनिज नाही, तेल नाही. नुसता पिवळट दगड. आणि त्यावर पाच लाखांच्या वर लोक राहतात.

माझं मत विचाराल तर सगळं त्या बंदरामुळे. ग्रँड हार्बरमध्ये शिरताना दोन्ही बाजूंनी तटबंदी अशी अंगावर येते की जहाज हाकणारे ब्रिजवरचे लोकसुद्धा बोलायचे थांबतात. खोल पाणी, चहूबाजूंनी आडोसा, आणि भूमध्य समुद्राच्या बरोब्बर मध्यावर. ज्याच्याकडे असं बंदर आहे तो उपाशी मरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

शेवंती
माल्टा म्हटलं की मला फळच आठवतं! आम्ही डेहराडूनला होतो तेव्हा थंडीत गाड्यांवर ढीग असायचे, मीठ-मिरची लावून उन्हात बसून खायचं. त्याचा आणि या देशाचा काही संबंध आहे का?

गिरीकंद
आहे की. युरोपात त्या जातीच्या संत्र्याला माल्टाच्याच नावाने ओळखायचे, ते नाव फळाबरोबर इकडे पहाडात येऊन राहिलं. आतून लाल निघतो तो माल्टा तर फारच गोड.

मोजपट्टी
दर्यावर्दीकाका, बंदर महत्त्वाचं आहेच, पण बंदरात जहाज आलं म्हणून तहान भागत नाही. मी भूजलात काम करते त्यामुळे आधी पाण्याचं बोलते, थोडं लांबेल.

पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या दुष्काळी पट्ट्याएवढा, आणि तोही हिवाळ्यात. उन्हाळा ठणठणीत कोरडा. पण खडकाची मांडणी बघा. सगळ्यात वर प्रवाळाचा चुनखडक, त्यात भेगा, पाणी सरळ आत जातं. त्याखाली निळ्या चिकणमातीचा थर, तो पाणी अडवतो. त्याखाली मऊ पिवळा चुनखडक आणि तळाला परत प्रवाळी. म्हणजे जिथे चिकणमाती शिल्लक आहे, माल्टाचा पश्चिम भाग, डिंगली-रबातचा उंचवटा, तिथे वरच पाणी अडून राहतं आणि कड्याच्या पोटातून झरे फुटतात. पूर्वेला ती मातीच नाही. आणि नेमकं बंदर पूर्वेला! म्हणून १६१० ते १६१५ मध्ये रबातकडच्या झऱ्यांचं पाणी व्हॅलेटापर्यंत आणायला विन्याकूरचा जलमार्ग बांधावा लागला, पंधरा-सोळा किलोमीटरचा. त्याच्या कमानी अजून उभ्या आहेत.

दुसरा साठा त्याहून नाजूक. बेटाच्या पोटात समुद्राचं पाणी मुरलेलं असतं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून त्यावर भिंगासारखं तरंगतं. गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर असतं. हे ऐकायला छान वाटतं, पण उलटं वाचा. उपसा करून वरची पातळी एक मीटर उतरवली की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर येतं. वसईकडच्या विहिरी खाऱ्या होताना ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे सांगायला नको. माल्टात बोअर मारमारून तेच झालं. शेवटी १९८२ साली आर लाप्सी इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा रिव्हर्स ऑस्मोसिसचा प्लांट बसवला आणि आज नळाला येणारं निम्म्याहून जास्त पाणी समुद्रातून काढलेलं असतं.

तर काका, माझं उत्तर: आज हे बेट विजेवर जगतं. वीज गेली तर पाणी गेलं.

कोकणकडा
मोजपट्टीताई, जबरदस्त. त्या पिवळ्या मऊ दगडाबद्दल थोडं अजून सांगा ना. फोटोत अख्खं शहर एकाच रंगाचं दिसतं.

मोजपट्टी
त्याला तिकडे फ्रांका म्हणतात. खाणीतून काढताना इतका मऊ की करवतीने कापता येतो, आणि हवा लागली की वरून कडक होतो. तुम्ही कोकणातले, तुमच्या जांभ्याच्या चिऱ्याचं असंच असतं ना? चर्च, तटबंदी, गोठा, बंगला, सगळं त्याच दगडाचं. अजून एक, जुन्या घरांची गच्ची सपाट आणि पोटात टाकं. गच्चीवर पडलेला थेंब न थेंब टाक्यात. व्हॅलेटा वसवताना प्रत्येक घराला टाकं पाहिजेच असा नियम होता. आता नवीन बिल्डिंगवाले त्यात टाळाटाळ करतात आणि जरा पाऊस झाला की रस्त्यांचे ओढे होतात. फार जीव तुटतो हे वाचताना.

बखर
काकांच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. बंदर तर आधीपासून तिथेच होतं. नुसत्या बंदरावर माणूस जगला असता तर १५३० च्या आधी माल्टा श्रीमंत असतं, आणि तेव्हा तर ते अगदी गरीब होतं.

रोड्सचं बेट तुर्कांनी घेतल्यावर सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची संघटना, बेघर झाले होते, त्यांना सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट दिलं. भाडं किती, तर वर्षाला एक ससाणा! पण पाहणीला आलेल्या नाइट्सनी अहवाल दिला की हा नुसता खडक आहे, माती नाही, पाणी नाही, धान्य सिसिलीहून आणावं लागतं. तरी आले, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

पुढे अडीचशे वर्षं जे वैभव दिसतं ते बंदरातून पिकलेलं नाही. फ्रान्स, स्पेन, इटली, जर्मनीत या संघटनेच्या जमिनी होत्या, त्यांचं उत्पन्न इथे यायचं. दुसरं उत्पन्न समुद्रावरच्या लुटीचं, परवाना घेऊन केलेली चाचेगिरी, आणि गुलामांचा बाजार. हे दोन्ही बाजूंनी चालायचं. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने गोझोवर धाड घातली आणि जवळजवळ अख्खं बेट, पाचेक हजार माणसं, गुलाम करून नेली. गोझोच्या लोकांच्या मनात ते अजून आहे. १५६५ चा तुर्कांचा मोठा वेढा सगळ्यांना माहीत असतो, चार महिने, सेंट एल्मोचा किल्ला पडला तरी बाकीचे हटले नाहीत, त्यानंतर १५६६ मध्ये नाइट्सचा प्रमुख ला व्हॅलेट याने नवं शहर, व्हॅलेटा, वसवलं. पण त्या गोझोच्या माणसांचं नाव कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि पुरावा म्हणून शेवट बघा. फ्रेंच क्रांतीने १७९२ मध्ये फ्रान्समधल्या त्यांच्या जमिनी जप्त केल्या, संघटना कंगाल झाली, आणि सहा वर्षांत नेपोलियनने जवळपास न लढता माल्टा घेतलं. बंदर होतं, तट होते, तोफा होत्या. बाहेरून येणारा पैसा आटला होता.

दर्यावर्दी
बखरसाहेब, मान्य, अर्धं मान्य. पण पैसेवाला त्या खडकावर का येऊन बसला? बंदरासाठीच ना? सुपीक जमीन पाहिजे होती तर सिसिली शेजारीच होती.

किल्लेदार
या बंदरात मुंबईचा पण एक धागा आहे. १८७८ मध्ये रशिया-तुर्की भांडणात इंग्लंडला आपलं बळ दाखवायचं होतं, माल्टा तेव्हा इंग्रजांकडेच होतं, तेव्हा त्यांचा पंतप्रधान डिझरेली याने हिंदुस्थानातून सातेक हजार सैनिक माल्टाला नेले. मुंबईहून जहाजं निघाली, सुएझमधून गेली. हिंदी पलटणी युरोपात उतरवल्या म्हणून लंडनच्या पार्लमेंटात केवढी चर्चा झाली. लढाई झाली नाही, पुढे त्यांना सायप्रसला पाठवलं. पहिल्या महायुद्धात तर माल्टा हे जखमींचं बेट होतं, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईतून इस्पितळ-जहाजं भरून यायची. पिएता इथल्या लष्करी दफनभूमीत हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. काका, भाचीला सांगा, वेळ मिळाला तर एक फूल वाहून ये म्हणावं.

दर्यावर्दी
नक्की सांगतो. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

काढा
भाची नर्स आहे म्हणून आठवलं. 'माल्टा ताप' आम्ही मेडिकलला शिकलोय. ताप चढतो, उतरतो, परत चढतो, महिनोन्‌महिने, सांधे धरतात. ब्रिटिश सैनिक आणि खलाशी त्याने हैराण झाले होते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, आजाराला ब्रुसेलोसिस नाव त्यांच्यावरूनच, पण तो माणसात येतो कुठून हे अठरा वर्षं कळत नव्हतं. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लीस झामित या डॉक्टरांनी दाखवलं की तो शेळीच्या दुधातून येतो. शेळ्या दिसायला धडधाकट! गवळी शेळ्या दारोदार नेऊन दारातच दूध पिळून द्यायचे, लोकांना वाटायचं याहून ताजं काय असणार. सैनिकांना शेळीचं दूध बंद केलं आणि आजार एकदम खाली आला. आणि हेच झामित पुढे पुरातत्त्वातही मोठे झाले, हायपोजिअम या जमिनीखाली कोरलेल्या प्राचीन दफनस्थळाचं अर्धवट राहिलेलं उत्खनन त्यांनीच पुढे नेलं. एका माणसाने जिवंतांना वाचवलं आणि पाच हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांनाही जपलं.

वाटाड्या
हायपोजिअमला जायचं असेल तर तिकीट महिनोन्‌महिने आधी काढा. दिवसाला ८० माणसांनाच सोडतात, श्वासामुळे आतला रंग खराब होतो म्हणून. गोझोवरचं जगांतियाचं मंदिर इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराचं आहे, पिरॅमिडच्याही आधीचं. धातूचं हत्यार नसताना एवढाले दगड उभे केलेत. आणि आझूर विंडो, ती समुद्रातली दगडी कमान, बघायला जाऊ नका, ८ मार्च २०१७ च्या वादळात ती पडली. मी २०१६ मध्ये पाहिली होती.

बोलीभाषा
मला भाषेचं बोलायचंय! युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषांत अरबी कुळातली ही एकटीच आहे. अरब ८७० मध्ये आले, नॉर्मन १०९१ मध्ये, राज्यं बदलली पण बोली राहिली, तिच्यावर सिसिलियन-इटालियनचे थर चढले, लिहितात रोमन लिपीत. जगाला 'दिन्या' म्हणतात, म्हणजे आपली दुनिया. पुस्तकाला 'क्तीब', किताब. विचाराला 'हसीब', आपल्याकडे त्याच शब्दाचा हिशोब झाला. लोक कट्टर कॅथलिक, आणि देवाला म्हणतात अल्ला. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांना 'रन्दान', रमजानवरून, आणि ईस्टरला 'मोठी ईद'! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

शेवंती
मोठी ईद म्हणजे ईस्टर! हे मी आज सगळ्यांना सांगणार.

रोखठोक
इतिहास छान चाललाय पण आजचं कोणी बोलत नाहीये. आज माल्टा जगतं ते आपलं सार्वभौमत्व थोडं थोडं विकून. बाहेरच्या जहाजांना झेंडा विकतात, म्हणूनच युरोपातली सगळ्यात मोठी जहाज नोंदणी तिथे आहे. कंपन्यांना टॅक्स कागदावर ३५ टक्के, पण परदेशी भागधारकाला त्यातले सातातले सहा हिस्से परत, म्हणजे प्रत्यक्षात भरायचे पाचच टक्के. ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांना २००४ पासून परवाने. २०१४ पासून तर नागरिकत्वच विकायला काढलं, ते शेवटी एप्रिल २०२५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने बेकायदा ठरवलं. या सगळ्यातल्या भ्रष्टाचारावर लिहिणाऱ्या डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार बाईंना १६ ऑक्टोबर २०१७ ला गाडीत बॉम्ब ठेवून मारलं. २०२१ मध्ये देश काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ग्रे लिस्टमध्ये वर्षभर गेला. याला जगणं म्हणायचं का?

निळंकौल
मी चार वर्षं तिथेच राहते, गिझिरामध्ये, पेमेंटच्या क्षेत्रात काम करते. रोखठोक यांनी लिहिलंय ते खरं आहे, आणि डाफ्नेबाईंच्या फोटोसमोर आजही व्हॅलेटात लोक फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. तिथल्या लोकांनीच रस्त्यावर उतरून पंतप्रधानाला जायला लावलं, हेही लिहा.

पण सगळा देश जुगारावर चालतो हेही बरोबर नाही. किरकोपला चिप बनवणारा मोठा कारखाना आहे, बिर्झेबुजाला कंटेनरचं फ्रीपोर्ट आहे, औषधं आहेत, विमान दुरुस्ती आहे. आणि पर्यटन, २०२४ मध्ये पस्तीस लाखांच्या वर लोक येऊन गेले. साडेपाच लाखांच्या बेटावर पस्तीस लाख! उन्हाळ्यात स्लिमाला फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते.

हे सगळं चालवायला माणसं लागतात आणि ती बाहेरून येतात. २०२१ च्या जनगणनेत दर पाचातला एकाहून जास्त माणूस परदेशी होता, आणि त्यात इटालियन, ब्रिटिशांच्या खालोखाल आपण भारतीय. मल्याळी नर्सेस, पंजाबी ड्रायव्हर, जेवण पोचवणारी मुलं, बांधकामावरचे लोक. मी आले तेव्हा ज्या एजंटमार्फत आले त्याने राहायची सोय आहे सांगून एका खोलीत सहा जणींना ठेवलं होतं, आणि परवाना त्या कंपनीला बांधलेला असतो त्यामुळे बोलायची सोय नाही. दर्यावर्दीकाका, भाचीला सांगा करार स्वतः वाच, कुणालाही आधी पैसे देऊ नकोस, आणि घराचं भाडं पगाराच्या निम्म्यावर जातंय का ते बघ. माझा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते, तिला पहिले दोन दिवस माझ्याकडे राहू दे.

दर्यावर्दी
निळंकौलताई, तुमचे उपकार कसे फेडू. बहिणीला वाचून दाखवलं, ती रडायलाच लागली.

आमच्या भाचीचं नाव निघालंच आहे तर रोखठोक यांना एक सांगतो. झेंडा विकतात हे ऐकायला वाईट वाटतं, पण मी ज्या जहाजांवर होतो तिथे त्यांचे सर्व्हेअर यायचे आणि लाइफबोट खाली उतरवून दाखवल्याशिवाय सही करायचे नाहीत. मला त्या झेंड्याखाली पगार वेळेवर मिळाला, मुलांची शिक्षणं झाली. मी त्याला नावं ठेवू शकत नाही.

रोखठोक
काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. माझा राग खलाशांवर नाही.

खवय्या
थोडं खाण्याचं. पास्तिझी खाल्ल्याशिवाय परत येऊ नका, पापुद्र्याची खारी आणि आत रिकोटा किंवा वाटाणा. शाकाहारी असाल तर पापुद्र्यात काय घातलंय ते विचारून घ्या. आणि रविवारी मार्साश्लोकला मासळीबाजार बघा, होड्यांच्या नाळेवर डोळे रंगवलेले असतात. ऑगस्ट-सप्टेंबरपासून लाम्पुकी नावाचा मासा येतो. गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर खडकात कोरलेली मिठागरं आहेत, अजून काही घरं उन्हाळ्यात मीठ काढतात. तो चौकटी-चौकटींचा किनारा संध्याकाळी बघावा.

किल्लेदार
दुसऱ्या महायुद्धाचं राहिलंच की. काका, 'ओहायो'बद्दल तुम्ही लिहायला हवं.

दर्यावर्दी
लिहितो. ड्रायडॉकमधल्या एका म्हाताऱ्या फिटरने मला ही गोष्ट सांगितली, तेव्हा तो लहान होता, तटावर उभा होता.

१९४२ चा उन्हाळा. बॉम्ब रोज पडत होते, एप्रिलमध्ये इंग्लंडच्या राजाने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं होतं, पण क्रॉसने पोट भरत नाही. पीठ संपत आलं होतं, तेल संपत आलं होतं. ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजं आणि मोठं आरमार निघालं. वाटेत नऊ बुडाली. चार पोचली. आणि 'ओहायो' नावाचा टँकर मागे राहिला, टॉर्पेडो लागलेला, बॉम्ब लागलेले, इंजिन बंद, पाणी डेकपर्यंत. शेवटी दोन विनाशिका त्याच्या दोन्ही कुशींना बांधल्या, दमलेल्या माणसाला दोघांनी खांद्याखाली धरून आणावं तसं त्याला आणलं. १५ ऑगस्टला तो ग्रँड हार्बरमध्ये शिरला. तो दिवस तिथला सांता मारियाचा सण. तेल उतरवता उतरवता जहाज तळाला टेकत गेलं. फिटर सांगत होता, आधी सगळे ओरडत होते, बँड वाजत होता, आणि जहाज जवळ आलं तसे सगळे गप्प झाले.

मी आयुष्यभर इंजिन चालू ठेवायचं काम केलं. इंजिन बंद पडलेलं जहाज बंदरात आणणं काय असतं ते मला कळतं.

मोजपट्टी
काका... यावर काय लिहिणार.

फक्त तुमच्या मूळ प्रश्नाला धरून एक. तेव्हा तेल संपलं असतं तर पीठ दळायच्या गिरण्या आणि पाण्याचे पंप थांबले असते. आज समुद्राचं पाणी गोडं करायला वीज लागते, त्यातली काही २०१५ पासून सिसिलीहून समुद्राखालच्या केबलने येते, बाकी बाहेरून आणलेल्या गॅसवर. म्हणजे नळाच्या पाण्याचा उगम आजही बंदरातच आहे.

बखर
आणि १९७२ मध्ये माल्टाचा पंतप्रधान मिंटॉफ याने ब्रिटिशांकडून त्यांच्या लष्करी तळाचं भाडं वर्षाला १ कोटी ४० लाख पौंडांपर्यंत वाढवून घेतलं, ३१ मार्च १९७९ ला ते गेल्यावर तो पैसा बंद झाला आणि मग गोदी, पर्यटन, कारखाने, झेंडा असं एकेक उभं करावं लागलं. काका, तुमचं बंदर आणि माझा बाहेरचा पैसा, दोन्ही एकच निघालं बहुतेक. त्या जागेची कुणाला ना कुणाला गरज असते, आणि दर वेळी गिऱ्हाईक बदललं की यांना नव्याने सुरुवात करावी लागते. हे पाच लाख लोक तेवढ्यावर टिकून आहेत याचं मला फार कौतुक आहे.

कोकणकडा
काका, भाची पोचली का? बरेच दिवस काही लिहिलं नाहीत.

दर्यावर्दी
पोचली. निळंकौलताई स्वतः विमानतळावर गेल्या होत्या, दोन दिवस म्हणता म्हणता आठवडाभर ठेवून घेतलं. काल पहिल्या पगाराचा फोन झाला. म्हणाली, मामा, नळाचं पाणी पिता येतं पण चहा जरा खारट लागतो, मी आलं जास्त घालते. पिएताला रविवारी जाऊन आली, किल्लेदारांना फोटो पाठवतोय. फूल मिळालं नाही म्हणून कण्हेरीची फांदी ठेवली, तिकडे रस्त्याकडेला कण्हेर खूप आहे.